मासोळ्यांची बादली, तुमची घागर

आत्याबाई,

शाळेची वेळ झाली म्हणून लिहून ठेवते. समोर बोलले तर माझा आवाज चढेल.

नव्या कलेक्टर कचेरीतल्या साहेबांचं बघून तुमच्या लेकानं काचेची पेटी आणली, तेव्हाच मी नको म्हणत होते. आज मासोळ्या मेल्या, दोनच उरल्यात. नजर-बिजर काही लागली न्हाई. ओसरीतली बादली मी मुद्दाम उघडी ठेवली होती. "घरात आलेल्या जिवाला शिळं पाणी कसं द्यायचं," म्हणून तुम्ही ती बेलाला ओतली, अन् पेटीतलं सगळं पाणी काढून टँकरचं ताजं भरलं. अहो, टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते! उघडं ठेवलं की ती उडून जाते. देवाला शिळं चालत न्हाई, पण मासोळीला तेच लागतं. बदलायचं तेही थोडंच. किती वेळा सांगितलं!

अन् पेटी भरायला एवढं पाणी आलं कुठून, ते तुमची कोरडी न्हाणी बघून कळलं. आंघोळ न्हाई म्हणून लिंगपूजा न्हाई, पूजा न्हाई म्हणून कालपासून पोटात घास न्हाई. वर मला सांगता, पित्त झालंय!

टँकर परवा येणार. लाल बादली मासोळ्यांसाठी परत भरून उघडी ठेवलीय, तिला हात लावू नका. पितळी घागर माझ्या वाट्याची हाय. तिनं आंघोळ करा, पूजा करा, जेवा. भाकरी दुरडीत हाय.

मी आल्यावर घागर रिकामी दिसली पाहिजे.

शिवकांता