टालाटाचे गाल आणि तू पळवलेलं लोणी

बोलगाटांगा, धुळीचा महिना

आमच्या घराण्याचा पिढीजात गुलाम, वाटणीतलं कुत्र्याचं डोकं एकट्याने खाणाऱ्या दगाबा जमातीचा शिरोमणी बायुओ यास, त्याचा मालक अयिंबिला याच्याकडून सप्रेम जोडे. तुझी प्रकृती उत्तमच असणार, दुसऱ्याचं लोणी अंगी लागतं. वहिनींना मात्र खरा नमस्कार.

(आपल्या दोन जमातींच्या थट्टेच्या रीतीपुरतं एवढं पुरे. आता मनातलं लिहितो.)

परवा तू आलास, माझ्या नातीला मांडीवर घेतलंस आणि जाताना फळीवरचं, पोरीच्या अंगाला लावायच्या शियाच्या बियांच्या लोण्याचं गाडगं काखेत मारून, "फ्राफ्राच्या घरातलं सगळं आमच्या बापाचं!" असं ओरडत पसार झालास. अंगणातल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मीही दात काढले. काय करणार? फ्राफ्राने दगाबावर चिडायचं नाही, चिडला त्याने कोंबडी कापायची, हे आपल्या आजोबांनी ठरवून ठेवलंय (त्यांच्या घरात तेव्हा तान्हं मूल नसावं).

आणि त्याच रात्रीपासून वाळवंटाकडचा कोरडा हरमाटान सुटला. वाऱ्याने माझे ओठ फुटले तर फुटोत, मी म्हातारा आहे. पण सात महिन्यांच्या टालाटाचे गाल भेगाळले रे! उजव्या गालातून रक्त आलं. दूध प्यायला आईला बिलगली की गाल घासतो आणि पोर उपाशीच रडत सुटते. तिची आई लमिसी दिवसभर बाजारात टोपल्या विकते, म्हणजे पोर माझ्या गळ्यात. मी आधी दुकानातली गुलाबी वासाची क्रीम लावली. पोरीने असा टाहो फोडला की शेजारचं गाढवही ओरडायला लागलं. मग लाल पामतेल चोपडलं. संध्याकाळी लमिसी घरी आली, शेंदरी लेक पाहिली आणि म्हणाली, "बाबा, पोर सांभाळायला दिली होती, तळायला नाही!" शेजारीण अपोका कुंपणावरून विचारते, "आजोबा, जेवायला कधी येऊ?"

आणि तू? तू ते लोणी उकडलेल्या चवळीवर ओतून ओरपलंस, असं तुझाच भाचा सांगून गेला. घास उतरला कसा तुझ्या घशाखाली? मी चिडलोय, बायुओ. गंमत म्हणून नाही, खराखुरा चिडलोय. रीत गेली खड्ड्यात!

तुझा मालक,
अयिंबिला

ता. क. पत्र लिहीत असतानाच बहिणीने गावाहून नवं गाडगं पाठवलं. तेव्हा लोण्याचं राहू दे.

आणखी एक. लोणी आलं, पण टालाटा मला गालाला हात लावू देत नाही. क्रीमची आठवण आहे तिला. माझं बोट दिसलं की तोंड फिरवते आणि भेग पुन्हा उघडते. त्या दिवशी तू माझ्या बापजाद्यांचा उद्धार करत तिचे गाल चोळत होतास, तेव्हा मात्र खदखदून हसत होती. मीही तसं करून पाहिलं. पण स्वतःच्याच बापाला शिव्या देताना जीभ अडखळते, आणि पोरीला ते कळतं.

तर उद्या सकाळीच ये. चिडलो तो मीच, म्हणून कोंबडी कापून ठेवतो. तिचंही डोकं तूच खा.