निळ्या रेघांचे अभ्रे

आई, आज भांडी घासताना नळ सोडून ठेवला म्हणून सुनेवर ओरडले आणि आवाज अगदी तुझाच निघाला. म्हणून लिहायला बसले.

त्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात शेजारच्या मैत्रिणीच्या वडिलांची नाशिकला बदली झाली. ती जाणार म्हणून मी औरंगपुऱ्याच्या बाजारातून रेशमाच्या लड्या आणल्या आणि उशीच्या दोन अभ्र्यांवर गुलाबाची वेल भरायला घेतली. अक्कल अशी की, कार्बन ठेवून नक्षी नको तितकी दाबून गिरवली. सगळं भरून झालं तरी प्रत्येक पाकळीबाहेर निळी रेघ उरलीच. धुतल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढं. तू भाकरी थापत होतीस. मी बादलीभर पाणी मागितलं, तर तू मान वरही केली नाहीस.

"प्यायला पुरंना, अन् हिला फुलं धुवायचीत! नाय मिळणार."

"अगं, ती उद्या सकाळी चालली. अशी डागाळलेली वस्तू देऊ व्हय?"

"दे तशीच. नाशकात पाणी हाय मोप. धुवून घेईल ती."

मी रडून घर डोक्यावर घेतलं. तू भाकरी उलटवलीस. इतकी कठोर बाई माझ्याच वाट्याला का, असं वाटलं.

सकाळी दारात टेम्पो उभा आहे. मी अभ्रे पाठीमागं लपवून उभी, आणि तू मला पुढं ढकलतेस. मैत्रिणीनं घडी उलगडली, रेघांवरून बोट फिरवलं.

"लई भारी. तू केलंय ते दिसतंय तरी. दुकानातलं वाटत नाय."

टेम्पो वळल्यावर तू मला पोटाशी धरलंस. पदराला ज्वारीच्या पिठाचा वास होता.

आता मी फुलंब्री रस्त्याला नव्या इमारतीत राहते. तुझ्या वेळी इथं नुसती शेतं होती. टँकर मात्र इथंही येतो. त्या मैत्रिणीला, खरं सांगायचं तर, मी दिवाळीपर्यंत विसरलेही. पण तिचं जाणं आधी कळलं होतं, म्हणून हातून काहीतरी झालं. तू दुपारच्या चहाच्या वेळी गेलीस, कुणाला काही न सांगता. तुझ्यासाठी मी साधा रुमालही कधी भरला नव्हता.

मध्यंतरी एक पांढरा रुमाल आणला, त्यावर वेल गिरवून ठेवली. टाका अजून घातलेला नाही. डोळे अधू झालेत, असं घरात सांगते. ते खोटं आहे. रुमाल पुरा झाला की तुला निरोप द्यावा लागेल, आणि मला तो द्यायचा नाही.