पाठीवरचं गाव

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे! साताऱ्याहून दोन रेल्वे, एक एसटी आणि शेवटी टमटम. गोसीखुर्दच्या पाण्यात ज्यांचं गाव गेलं त्यांची ही नवी वसाहत, आणि तिच्या आरोग्य उपकेंद्राचा मी आता साहेब! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण रंग ताजा आहे. रीताने पोचल्या पोचल्या ओटा घासला. लग्नाला सात महिने झाले, एका घरात पहिल्यांदाच राहतोय. इथल्या आशा कार्यकर्त्या राधाबाईंनी वांगी आणि नवे तांदूळ आणून दिले. फार खूश आहे मी.

९ नोव्हेंबर
आज अकरा पेशंट, सगळ्यांच्या पाठीवर लाल, खवलेदार ठिपके. राधाबाई म्हणाल्या, "लोकं कोप म्हनतेत, साहेब." मी लगेच ज्ञान पाजळलं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा धरला होता का? होता, सगळ्यांचाच. घशातल्या जिवाणूंशी लढताना शरीर कधी कधी आपल्याच कातडीवर उलटतं. शिवून पसरत नाही, बहुधा हळूहळू जातं. भंडाऱ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांना फोटो पाठवले. त्यांनीही सोरायसिसचाच एक प्रकार सांगितला. संध्याकाळभर रीतासमोर मिरवलो.

१५ नोव्हेंबर
रीताचा घसा सुजला, ताप आहे. डॉक्टरांना विचारून अँटिबायोटिक सुरू केलं.
फोटो पुन्हा चाळले. अकराही पाठींवर ठिपके त्याच त्या जागी आहेत. खांद्याखाली दाट, कमरेकडे विरळ. योगायोग तरी किती म्हणायचा?

१८ नोव्हेंबर
कवडूबाबा जुन्या गावचे कोतवाल. त्यांना फोटो दाखवले. ते ठिपक्यांवरून बोट फिरवत जुनं गाव दाखवत गेले. हे देवाजीचं घर, हे तुलारामचं, ही तळ्याची पार, म्हणजे बांध. बोट एका कोऱ्या जागेवर थांबलं. "इथं सत्यवतीबाई राहे. एकटीच."
गाव उठलं त्या दिवशी वीस ट्रॅक्टर निघाले. प्रत्येकाला वाटलं, म्हातारी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसली. यादीत तिच्या नावापुढे खूण कवडूबाबांनीच केली होती, न बघता. तीन दिवसांनी लक्षात आलं, तोवर पाणी भरलं होतं. इकडे तिच्या नावाचा प्लॉट रिकामा राहिला. आमचं क्वार्टर त्याच प्लॉटवर बांधलंय.
रीताला यातलं काही सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर
रीताचा घसा केव्हाच बरा झाला. आज न्हाताना तिने हाक मारली. पाठीवर ठिपके. तेच गाव. पण कोरी जागा कोरी नाही. तिथे रुपयाएवढा चट्टा आहे.

२ डिसेंबर
अकराही जणांच्या पाठी एका दिवसात स्वच्छ. असं होत नाही, होऊच शकत नाही. राधाबाईंनी रडत रीताच्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्यांना घालवून दिलं.
जेवताना रीता म्हणाली, "मले आंगन सारवाचं हाय."
साताऱ्याची मुलगी. मी घाबरलोय. उद्या तिला भंडाऱ्याला नेणार.

३ डिसेंबर
रुग्णवाहिका आली, पण लोकांनी रस्त्यात बैलगाड्या आडव्या लावल्या. तुलाराम हात जोडून म्हणाला, "एक डाव सोडून आलो, साहेब. आता नाई जाऊ देत."
ती माझी बायको आहे, असं ओरडलो. कुणी वर बघितलं नाही. गाडी परत गेली.

४ डिसेंबर, दुपार
सगळं गाव अंगणात. रीता दारात उभी, एकेकाला नावाने हाका मारतेय. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांनाही. "काहून नाई पायलं मले कोनीच?" आणि ते रडताहेत —
सामान भरलंय. मागच्या दाराने, धानाच्या बांधावरून —

थोड्या वेळाने
हात धरला. तिने झिडकारला. "कोनाचा गा तू?"
मनीष, म्हटलं. लग्नाची तारीख सांगितली. तिच्या आईचं नाव सांगितलं. ती बाहेर बघून विचारतेय, हा मानूस माह्या घरात काहून शिरला —
उठताहेत सगळे. तुलाराम उंबऱ्यात. रीता, एकदाच सांग त्यांना, मी तुझा —