मेणाची अन्नपूर्णा

मरोदा, भिलाई

तीर्थरूप आईस,
रत्नमालाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तू पाठवलेल्या मुगवड्या पोचल्या. मी पाव किलो मधमाशीचं मेण घेतलं, दोनशे रुपयांचं. रागावू नको. तुझ्या नातीला, दामिनीला लग्नात द्यायची अन्नपूर्णा मी स्वतः घडवून राहिली.

महिला मंडळात नीतू मॅडम पितळेच्या मूर्ती शिकवतात. मातीच्या गोळ्यावर मेणाची तार गुंडाळायची, वरून माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून निघून जाते, त्या जागी पितळ ओततात. मेण कधी हाती धरलं नव्हतं, पण शेवया वळणाऱ्या हाताले तार लगेच जमली.

देवीचा चेहरा झाला आणि सवयीनं मी हळदकुंकू वाहून नमस्कारही केला. मॅडम हसल्या, "दीदी, पूजा तो कर ली, अब इसको भट्टी में कौन डालेगा?"

मूर्ती सध्या देवघरात आहे. हे म्हणतात, "राहू दे, बाजारातून आणू." मी नाही म्हटलं. हरतालिकेची वाळूची गौर आपण पाण्यात सोडतोच, तशी मेणाची देवी अग्नीत सोडली तर पाप लागणार नाही, असं मले वाटते. पण माझी अन्नपूर्णा तू दिली होती, म्हणून तुझा होकार पाहिजे.

गुडघ्यांना तेल लावते ना? फोनवर तुला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिलं. पोळा झाला की भट्टी पेटणार. त्याआधी उलट टपाली कळव, आणि तिले अग्नीत ठेवताना काय म्हणू, तेही लिही.

तुझी
रत्नमाला