सलीमभाईंचा क्रेट

मंगळवार, संध्याकाळ. थेरगाव.

जमलं! कंपनीच्या बसमधनं उतरल्यापासून कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून वहीलाच सांगतो.

निघोज्याच्या प्लांटमध्ये वायरलेस मीच बसवलंय. सगळे स्कॅनर, कॅमेरे एकाच अँटेनावर. नियम मी लावला होता: ज्याचा सिग्नल चांगला, त्याला डेटा पाठवायला आधी वेळ. स्क्रीनवर एकूण वेग झकास दिसायचा आणि मी त्यावर खूश! पण पार टोकाला, पेंट शॉपच्या मागे, जिथे सिग्नल जेमतेम पोचतो, तिथे लाइनवरचे सलीमभाई उलट्या क्रेटवर चढून स्कॅनर उंच धरायचे. रोज बघायचो मी. सवय असेल म्हणायचो. लाज वाटते लिहायला.

काल एकदाचं विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, चढल्याशिवाय बारकोड जातच नाही. आणि लाइन थांबली की बोलणी मला."

आज नियम बदलला. सिग्नल बघायचाच, पण ज्याला आतापर्यंत कमी वेळ मिळाला, त्याचा हक्क वाढवत न्यायचा. म्हणजे कधी ना कधी त्याची पाळी येणारच. साहेब स्क्रीन बघून म्हणाले, "अरे, वेग थोडा पडला की राव!"

"पडू द्या सर. लाइन एकदाही थांबली नाही." हे मी बोललो? साहेबांना?

चहाच्या सुट्टीत मुद्दाम टोकाला गेलो. सलीमभाई त्याच क्रेटवर निवांत बसले होते. मला बघून सरकले आणि अर्धा क्रेट मोकळा करून म्हणाले, "बसा भाऊ."