बारा चादरी, चांदण्यांच्या

८ जुलै, मंगळवार

आज तीन हॉटेलं. पहिल्यात दरवानानेच परत पाठवलं. दुसऱ्यात म्हणाले, आमच्याकडे छापील बाटिक आहे, धुवायला सोपं. छापील — आणि त्याला बाटिक म्हणतात! तिसरं स्टेशनजवळचं, नवं, सहा मजली. व्यवस्थापक मेलियाना मॅडम स्वतः खाली आल्या. जकार्ताच्या आहेत. मी पारांग उलगडलं — तिरक्या, धारदार पट्ट्यांचं आमचं सर्वांत चांगलं कापड. "अगदी हेच! पलंगावर टाकायला बारा हवीत."

सुमिरा मावशी रंगाच्या पिंपापाशी होती. "बारा? दिवसाढवळ्या स्वप्नं पडायला लागली वाटतं तुला." पण संध्याकाळी केळ्याची भजी आणली. काम मिळालं नाही तर महिनाअखेरीस मेणाची शेगडी कायमची विझवणार, असं ती सांगून बसली होती. आता नाही विझवणार.

९ जुलै

सगळा दिवस पेन्सिलीने पट्ट्या आखल्या. एक वाकडी गेली. खोडून पुन्हा.

१० जुलै, गुरुवार

हॉटेलातून फोन. या बाराही खोल्या नवीन लग्न झालेल्यांच्या! मी विचारलंच नव्हतं. एवढा बारकाईने वागणारा मी, आणि हे विचारलं नाही.

आमच्याकडे मेणकाम करणाऱ्या कार्सी आजींनी चांतिंग — मेणाची लेखणी — खाली ठेवली. "नवरानवरीच्या अंथरुणावर पारांग? भांडणं लावायची आहेत का त्यांची? मी नाही बाई हात लावणार."

"जकार्ताची बाई ती, तिला काय कळतंय!" मावशी.

"पण तुला कळतंय ना, सुमिरा?"

मावशी पुन्हा पिंपाकडे वळली. तिचा हात थरथरतो, मेणाचं सगळं काम आजींच्याच हातचं. आजी नाहीत तर कापड नाही.

११ जुलै

काय बोलायचं ते कागदावर चार वेळा लिहून काढलं. तरी हॉटेलच्या दारात कागद पुन्हा एकदा वाचला. सगळं सांगून टाकलं. आमच्या सोलो शहरात लग्नाच्या जागी कोणी पारांग आणत नाही. चूक माझी. त्याऐवजी हे त्रुंतुम बघा — बारीक चांदण्या, नवरीचे आईवडील लग्नात हेच नेसतात.

मॅडमनी कापड उलटंसुलटं करून पाहिलं, मग घडी घालून काउंटरवर ठेवलं. मला वाटलं, गेलं काम.

"माझ्या लग्नात मी पारांग नेसले होते," त्या म्हणाल्या. "आत्ता कळलं!" आणि इतक्या हसल्या की काउंटरवरची मुलगी वळून बघायला लागली.

खरं बोलून काम टिकतं. हे मला आधीपासून वाटतच होतं. (नव्हतं वाटत.)

१४ जुलै, सोमवार

मॅडम घरी आल्या. तासभर आजींच्या शेजारी बुटक्या स्टुलावर. आजी मान वर न करता ठिपक्यामागे ठिपका देत होत्या.

"आजी, वय काय तुमचं?"

"दात मोजा. उरलेत ते."

बारा त्रुंतुम, सप्टेंबरअखेर. ठरलं! मी तारीख भिंतीवर लिहिली. जमणारच.

१६ जुलै

मॅडमचा निरोप आला, तो माझ्यासाठी नव्हता. आजींनी रोज हॉटेलच्या दिवाणखान्यात बसून काम करावं, पाहुण्यांना बघता येईल. आजींनी लगेच हो म्हटलं.

"आणि आमच्या चादरी?" मावशीने विचारलं.

"अगं, तिथे धूर नाही, पाठ टेकायला खुर्ची आहे. पन्नास वर्षं स्टुलावर काढली मी. रागावू नकोस."

मावशी रागावली नाही. तेच वाईट वाटलं. मॅडम म्हणतात, चादरी हव्यातच, पाहुण्यांना सांगून झालंय. पण ठिपके देणार कोण? आमच्याकडे पुरुष ठसे मारतात, रंगवतात. गल्लीत एकाही पुरुषाच्या हातात मी चांतिंग पाहिलेली नाही.

१७ जुलै

सकाळी आजींच्या स्टुलावर बसलो. मावशी दारातून म्हणाली, "हे बायकांचं काम आहे." मी म्हटलं, "आहे." दुपारपर्यंत एकशेचाळीस ठिपके. नऊ बिघडले.