सभा यंदा शाळेत

दोन्यी ब्रेस्त,
१२ डिसेंबर

प्रिय कूमा स्तामेना,

घरी सगळी खुशाल असाल. आमच्याकडेही ठीक. पिंपातली कोबी यंदा छान आंबली, धाकट्याचा जर्मनीहून फोन येतो, मांजर व्यायली. तुझा गुडघा काय म्हणतो?

दोन घरं पलीकडे राहणारीनं पत्र लिहावं, याचं तुला हसू येईल. पण या आठवड्यात तीनदा तुझ्या दारात आले. तू कॉफी ठेवलीस, चमचाभर मुरंबा पुढे केलास, आणि बोलायचं ते मुरंब्याबरोबर गिळून मी परत फिरले. कागद निदान काही खायला तरी घालत नाही.

सभा शनिवारी शाळेत ठेवली म्हणून तू रागावलीस. मास्तर सांगत होते, "स्तामेना म्हणते, रोसांदाला माझ्या हातची मासळी आता खारट लागायला लागली!" खारट नाही गं, गोडच लागते, तेच तर दुखणं आहे. पेशंटना इस्पितळात नेणारी आपली संस्था निघाल्यापासून वार्षिक सभा तुझ्या घराण्याच्या संताच्या सणाला, तुझ्याच टेबलावर होते. संत निकोलाची मेणबत्ती जळतेय, तू वाढतेयस, आणि मास्तर विचारतात, "संचालिकेच्या कामाबद्दल कुणाला काही विचारायचंय?" संचालिका तूच, तोंडात तुझाच घास असताना कोण विचारणार? "स्तामेना, उदंड आयुष्य!" म्हणत आपण पेले उंचावतो आणि त्यालाच ठराव मंजूर झाला म्हणतो. मी अध्यक्ष, त्यामुळे सगळ्यांत आधी पेला माझा.

बघ, भलतीकडेच चालले. एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते आणि उगीच उठून चुलीत लाकूड सारते.

काल इस्पितळात बुदिमिरकाकांना भेटून आले. गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी तू आम्हाला सांगितलंस, "डायलिसिसचे सगळे पेशंट वेळेवर पोचवले." काका पोचले नव्हते. ते धुक्यात फाट्यावर उभे होते आणि तू गाडी घेऊन पुढे निघून गेलीस. विसरलीस. पुढच्या दिवशी ते अंगणात कोसळले, छातीत पाणी भरलं होतं. मी म्हटलं, "काका, दुसऱ्या कुणाला फोन का नाही केला?" तर म्हणतात, "अगं, स्तामेना इतकी वर्षं नेतेय मला. दुसऱ्याला बोलावलं असतं तर तिला काय वाटलं असतं?" आणि माझा हात धरून, "तिला बोलू नकोस हं. वाईट वाटेल बिचारीला."

माणूस मरणाच्या दारात तुझी मर्जी सांभाळत होता, कूमा. आम्हा सगळ्यांसारखाच. मला तुझा राग आला आणि त्याहून जास्त आमचा.

कुणाला कुठून उचलायचं ते सगळं तुझ्या डोक्यात, गाडीची किल्ली तुझ्या खिशात. ड्रायव्हर ठेवू म्हटलं की तू म्हणतेस, "का, मी मेले का?" गावात कुणी पुढे येईना तेव्हा तू नवऱ्याची गाडी बाहेर काढलीस, हे मी विसरलेले नाही. तू नसतीस तर या पेशंटांतले निम्मे आज नसते. पण तू असूनही एक जाता जाता वाचला, आणि तू आमच्याशी खोटं बोललीस.

आता लिहूनच टाकते. शनिवारी मी ठराव मांडणार आहे. संचालिका बदलायची, संस्थेची गाडी समितीच्या ताब्यात घ्यायची, ड्रायव्हर ठेवायचा. मास्तर हबकले. "वर देव, खाली कूम! बाई, कूमाविरुद्ध हात वर करणार? गाव तुझ्या तोंडावर थुंकेल." थुंकू दे. तुझ्या लेकीला, तियानाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलंय, हे कूमाचं नातं काय असतं ते मला मास्तरांनी शिकवायला नको. त्यांनी गुप्त मतदान सुचवलं, तेही मी नाकारलं. चिठ्ठी टाकून मागाहून तुझ्याकडे कॉफीला यायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

तू आधीच राजीनामा दिलास तर मी सुटेन. नाही दिलास तर बाकीचे माना खाली घालून हात वर करतील. तू त्यांच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

काका सोमवारी घरी येतात. मंगळवारी त्यांना पुन्हा डायलिसिसला न्यायचंय. नव्या ड्रायव्हरला एकही घर ठाऊक नाही. त्याच्या शेजारी बसशील का गं?

शनिवारी तुझ्याविरुद्ध पहिला हात वर करणारी,
तुझ्या तियानाची धर्ममाता,
रोसांदा